तंबोऱ्याच्या पोटातलं पत्र

निंबखेडचे राजे रायाजीराव इतके संशयी होते, की ताटातला पहिला घास ते आचाऱ्याला खायला लावत. एकदा शेजारच्या संस्थानातून अंबूताई नावाच्या गायिका त्यांच्या दरबारात गायला आल्या. त्यांच्या तंबोऱ्याचा भलामोठा भोपळा पाहून राजांच्या कपाळाला आठी पडली.

"हा आतून पोकळ आहे. यात शत्रूचं गुप्त पत्र असणार. कारभारी, फोडा तो."

तंबोरा अंबूताईंच्या दिवंगत गुरूंचा होता. तरी आवाज स्थिर ठेवून त्या म्हणाल्या, "जरूर फोडा. मात्र पत्र निघालंच, तर ते सरकारांच्या आधी कारभाऱ्यांच्या हाती पडेल."

राजांनी कारभाऱ्यांकडे तिरक्या नजरेनं पाहिलं. "थांबा. बाई, तुम्हीच फोडा."

"मी फोडला, तर पत्र गिळून टाकलं असा सरकारांना संशय येईल."

"मग मीच फोडतो."

"आत विषाची पूड असली, तर ती आधी सरकारांच्याच नाकात जायची."

राजांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "मग करायचं तरी काय?"

"भोपळा आहे तसाच राहू द्यावा. न फुटलेल्या भोपळ्यातलं पत्र कुणालाच वाचता येत नाही. मी गाते, सरकारांनी त्याच्यावर नजर ठेवावी."

राजांना हे पटलं. ते तंबोऱ्यासमोरच ठाण मांडून बसले. अंबूताईंनी तारा छेडल्या आणि सूर लावला. आलाप संपायच्या आतच पहाऱ्याला बसलेल्या राजांचे डोळे मिटले होते आणि मान डोलत होती.