ओळखलेली गाडी

नदीखालून मेट्रो नेणाऱ्या एका महानगरात एकदा एक वृद्ध परीक्षक होते. कुठली गाडी प्रवाशांना घेऊन निघण्यास योग्य आणि कुठली नाही, हा निर्णय त्यांचा असे. त्यांनी ‘जाऊ द्या’ म्हटले की मोठे साहेबसुद्धा पुन्हा विचारीत नसत. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

मास्तरांच्या हाताखाली एक तरुण शिकत होता. बुद्धीने तल्लख, कानाने त्याहून तल्लख. त्या शहरात तीन प्रकारचे डबे धावत, आणि कारशेडच्या लोकांनी त्यांना घरगुती नावे ठेवली होती. सर्वांत जुने, खडखडाट करीत दुरूनच वर्दी देणारे डबे म्हणजे ‘आत्याबाई’. त्यांच्यानंतर आलेले, थांबताना रुसल्यासारखा फुसकारा सोडणारे, ते ‘जावईबापू’. आणि अगदी नवे, आले केव्हा नि गेले केव्हा हे कळूही न देणारे, ती ‘नवरी’. हा तरुण भुयारात गाडीचा दिवा दिसण्यापूर्वीच सांगे, आत्याबाई येत आहेत की जावईबापू. मित्र चहाच्या पैजा लावत आणि हरत. स्तुतीने माणसाचे पाय जमिनीवर राहत नाहीत. याचे तर जमिनीखालीही टेकत नव्हते.

त्याच्या परीक्षेचा दिवस आला. नदीच्या अलीकडचे शेवटचे स्थानक परीक्षेसाठी ठरलेले असे. शिष्याने रुळांकडे पाठ करून, डोळ्यांवर रुमाल बांधून उभे राहायचे. गाडी फलाटावर येत असता तिचा प्रकार सांगायचा, आणि पुढे ‘जाऊ द्या’ किंवा ‘थांबवा’ म्हणायचे. परीक्षेत उतरला की दुसऱ्या दिवसापासून त्याच्या शब्दावर माणसांनी भरलेल्या गाड्या सुटणार होत्या.

पहिली गाडी आली. “नवरी. जाऊ द्या.” मास्तरांनी मान डोलावली. दुसरी आली. “जावईबापू. जाऊ द्या.” भोवती जमलेल्या सहकाऱ्यांत कौतुकाची कुजबुज सुरू झाली. मग भुयारातून खडखडाट ऐकू आला आणि तरुणाला हसूच फुटले. एवढा सोपा प्रश्न!

“आत्याबाई! जाऊ द्या.”

गाडी थांबली. माणसे चढली, उतरली, दरवाजे मिटले. आणि ज्यांचा आवाज चढलेला कुणी कधी ऐकला नव्हता, ते मास्तर धोतर सावरीत धावत सुटले. त्यांनी खांबावरच्या आणीबाणीच्या लाल बटणावर मूठ हाणली, दुसऱ्या हाताने बंद दारे बडवली आणि ओरडले, “उतरा! सगळे उतरा! दारं उघडा आधी!”

फलाट थिजला. तरुणाने रुमाल ओरबाडून काढला. फलाटावरचे अधिकारी धापा टाकीत आले.

“मास्तर, अहो, भरली गाडी अडवलीत! मागच्या सगळ्या खोळंबल्या. झालंय काय?”

“तिसऱ्या डब्याखाली बघा.”

कामगार बॅटरी घेऊन खाली वाकला आणि तसाच मागे सरला. चाकाचा आस ज्या पेटीत फिरतो ती पेटी तापून लालबुंद झाली होती, धूर आता कुठे बाहेर पडू लागला होता. पुढचे स्थानक नदीपलीकडे होते. मध्ये केवळ भुयार, आणि वर पाणी. उतरलेली माणसे एकमेकांकडे पाहत राहिली. एका बाईने कडेवरचे मूल इतके घट्ट धरले की ते रडू लागले.

तोच पुढच्या डब्यातून गाडीची चालक उतरून आली. कोवळ्या वयाची, नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी. ती सरळ तरुणासमोर उभी राहिली.

“सर, सकाळी कारशेडमध्ये मी तुम्हाला सांगितलं होतं ना? गाडी नीट वाटत नाही म्हणून?”

मास्तरांनी चमकून शिष्याकडे पाहिले. धूर पाहूनही त्यांचा चेहरा असा पडला नव्हता.

“हे खरं आहे?”

“हो,” तरुण कसाबसा म्हणाला. “मला वाटलं, नवे चालक सगळे असेच असतात. पहिले काही दिवस प्रत्येक आवाजाला घाबरतात. मी म्हटलं, ताई, आत्याबाई आहे ती, खडखडायचीच.”

मास्तर बाकावर बसून म्हणाले, “बाळा, तुझं उत्तर बरोबर होतं. ती आत्याबाईच होती. घात झाला तो तिथेच. नाव सापडलं आणि तुझे कान मिटले. आत्याबाई खडखडते हे तुला पाठ. म्हणून आज त्या खडखडाटात काय घासतंय, ते तू ऐकलंच नाहीस. आणि हिला तर हिने तोंड उघडण्याआधीच तू ओळखलंस. प्रकार ओळखणं म्हणजे दाराची कडी काढणं रे. कडी काढून आत जायचं असतं. तू उंबऱ्यावरच बसून राहिलास. गाडीचं ऐकलं नाहीस ते मी एक वेळ समजू शकतो, पण माणूस येऊन सांगत होतं!”

तरुणाला रडू आवरेना. त्याला कुणी नापास म्हटले नाही, आणि निकाल विचारण्याचे त्याला धैर्यही झाले नाही.

आपणही नव्या माणसाला आधी आडनाव विचारतो, मग गाव विचारतो, आणि दोन्ही कळली की समाधानाने मान डोलावतो. पुढे तो काय सांगत असतो ते कितीजणांना आठवते, हे ज्याने त्याने मनाशी तपासावे.

धूर विरला, गाडी रिकामीच बाजूला नेण्याची तयारी सुरू झाली. तरुण डोळे पुसून त्या मुलीजवळ गेला.

“ताई, सकाळी तुम्ही काय सांगत होतात?”

तिने त्याच्याकडे निरखून पाहिले. “किती सांगू? तुम्ही अर्ध्यातच थांबवलंत.”

“पहिल्यापासून सांगा,” तो म्हणाला, आणि तिचे सांगून होईपर्यंत मध्ये एक अक्षर बोलला नाही.