चंद्री शेळी आणि हेरंबभटांचं गोत्र

“आणि काय विसरलात?” शंभूगीर गोसाव्याने विचारलं. विचारताना शेळीच्या कानातला गोचीड काढणं काही त्याने थांबवलं नाही.

हेरंबभट घनपाठींनी आधी मागे वळून पाहिलं.

“बोला. इथे मी आणि ही चंद्री. चंद्री कुणाला सांगत नाही.”

“गोत्र,” भटजी पुटपुटले. “काल संध्येला बसलो. समोर शिष्य. आणि माझं स्वतःचं गोत्रच आठवेना.”

आता हे साधं नव्हे. घनपाठी म्हणजे वेदातले शब्द पुढून-मागून, उलटेसुलटे म्हणणारा आणि तरी न चुकणारा. आपल्याला नुसते सुलटे आले तरी गावात पेढे वाटतील. भटजींना सगळं बापाच्या तोंडून मिळालेलं, कागदावर एक अक्षर नाही. तेच गळायला लागलं तर माणसाजवळ उरलं काय? शेंडी.

म्हणून तर ते प्रवरा ओलांडून या गोसाव्याकडे आले होते. तेही भर दुपारी, गाव घोरत असताना.

“औषध काय केलंत?”

“टाळूवर ब्राह्मीचं तेल. नाकात तूप. भिजवलेले बदाम. शीर्षासनसुद्धा करून झालं.”

“सगळं डोक्यालाच?”

“बिघडलंय तेच ना, महाराज!”

गोसाव्याने मान डोलावली.

“बरं. चंद्रीच्या कानात एक ऋचा म्हणा. तिला आवडली तर औषध देतो.”

“शेळीच्या कानात वेद?”

“तुमच्या शिष्यांपेक्षा कान मोठे आहेत तिचे.”

“…स्तोत्र म्हणतो. वेद नाही.”

“चालेल. ती काही फार शिकलेली नाही.”

भटजी सोवळं सावरून वाकले. तोंड उघडलं मात्र, चंद्रीने मान फिरवली. भटजी दुसऱ्या कानाशी गेले. चंद्री उठली आणि थेट उंबराच्या झाडामागे जाऊन उभी राहिली.

ही तीच चंद्री, जिने गोसाव्याची जुनी वहाण खाल्ली होती. विडीची थोटकं तर ती फुटाण्यासारखी खायची. अंघोळ आठवली तरच करणाऱ्या गोसाव्याच्या कुशीत रात्रभर झोपायची. तिला जगात काही वर्ज्य नव्हतं.

“जनावर आहे. त्याला काय कळतं!” भटजी म्हणाले. पण कान तांबडे झाले होते.

“उघडा तोंड.”

हिरड्या सुजून टम्म. गोसाव्याने श्वास रोखून बोट टेकवलं, तर रक्त आलं. मागच्या दाढा काळ्या ठिक्कर.

“दात घासता?”

“घासतो की! शास्त्राने सांगितलंय तसे.” भटजींना एकदम हुरूप आला. हे त्यांना पाठ होतं. “प्रतिपदा, षष्ठी, नवमी, एकादशी, अमावस्या, या दिवशी दातवण वर्ज्य. रविवारी वर्ज्य. श्राद्धाला, उपासाला वर्ज्य. आणि मला सोमवार असतो, शनिवार असतो, चतुर्थी, प्रदोष…”

“मग घासायला राहिलं काय?”

भटजी बोटांवर मोजू लागले. मध्येच विसरले. पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले…

“चुळा भरतो ना! भरपूर!” शेवटी ते चिडून म्हणाले. “आणि मी डोक्याचं विचारतोय, तुम्ही दात काय बघताय?”

“दात कशात रोवलेत?”

“जबड्यात.”

“जबडा कुठे आहे? पायाला?”

“…डोक्याला.”

“शेजारच्या खोलीत कित्येक वर्षं कुजतंय. तुम्ही इकडे उदबत्ती लावून बसलात.”

गोसाव्याने कडुनिंबाची काडी मोडली. साल सोलली. भटजींपुढे धरली.

“आज नवमी आहे, महाराज.”

गोसाव्याने हात मागे घेतला नाही.

भटजींनी काडीकडे बघितलं… काल गोत्रावर अडखळलो तेव्हा शिष्यांनी एकमेकांकडे कसं बघितलं होतं, ते मात्र त्यांना स्वच्छ आठवत होतं.

त्यांनी काडी घेतली.

घासताना डोळ्यांत पाणी आलं. लाल थुंकले. पुन्हा घासलं, पुन्हा लाल थुंकले. उंबरामागून चंद्री बघत होती.

“हे रोज?”

“रोज. आणि त्या काळ्या दाढा काढून घ्या. त्याला मुहूर्त बघू नका.”

भटजींनी तोंड पुसलं. मग अगदी लहान आवाजात विचारलं, “मग… आठवेल सगळं? गोत्र येईल परत?”

गोसाव्याने उंबराकडे बघितलं.

“आधी शेळी येऊ द्या.”