राजकन्येच्या दाढेतली पंगत

ही गोष्ट खरी आहे. अगदी देवाशप्पथ खरी. मी स्वतः तिथं होतो, कोपऱ्यात बसून सगळं डोळ्यांनी पाहिलंय. आता ती घडली तेव्हा माझे पणजोबासुद्धा पाळण्यात होते, ते सोडा. खरी आहे म्हटलं ना? मग डोळे मिटा आणि कान तेवढे उघडे ठेवा.

काकवीनगरात एक राजा राज्य करायचा. त्या राज्यात ऊस इतका होता, इतका होता, की वारा सुटला की सगळं राज्य सळसळायचं आणि त्या सळसळीनंच माणसांना झोप लागायची. पाटातून पाण्याऐवजी रस वाहायचा. पहाटेचं दव बोटावर घेऊन चाटलं, तर तेही गोड.

राजाला एकच लेक. तिचं नाव शेवंता. वय वर्षं सात. राजाचा तिच्यावर फार जीव, बरं का. रोज निजायच्या वेळी तो स्वतः यायचा, तिच्या गालात गुळाचा खडा ठेवायचा आणि म्हणायचा, "तोंड गोड कर आणि नीज, बाय माझी." मग खडा हळूहळू विरघळायचा, शेवंताही हळूहळू विरघळायची, आणि दोघं कधी संपली ते कुणाला कळायचंच नाही.

राजालाही लहानपणी असंच निजवायचे. म्हणून तर त्याच्या तोंडात आता एकही दात नव्हता. दरबारात तो कितीही रागावला तरी नुसतं फाफाफा ऐकू यायचं, आणि प्रधान पागोट्याचा शेमला तोंडात कोंबून हसू दाबायचा.

एकदा काय झालं, शेवंता सकाळी उठली ती गाल धरूनच. गाल पुरीसारखा टम्म फुगलेला. आत दाढेत कुणीतरी ठोकत होतं. ठक. ठक. ठक.

मग नागोजी वैद्य आले. त्यांनी दाढेत लवंग धरायला सांगितली. ठोकणं जरा थांबलं, पुन्हा सुरू झालं. मग त्यांनी गालाला ऊन मिठाचा शेक दिला. ठोकणं जरा पेंगुळलं, पुन्हा सुरू झालं. मग तिसरा उपाय राजानंच केला. त्याला लेकीचं रडणं बघवेना. वैद्यांची पाठ वळली तशी त्यानं हळूच तिच्या तोंडात पेढा सारला. अरे देवा! मग तर असं दणादण ठोकायला लागलं, की शेवंता गादीवरून टुणकन उडालीच.

वैद्य म्हणाले, "महाराज, दाढ काढावी लागणार. दिवेलागणीला चिमटा घेऊन येतो."

"पण पुन्हा येईल ना हो?" राजानं विचारलं.

"दुधाची असती तर आली असती. ही कायमची आहे. गेली की गेली."

राजानं आपल्या बोळक्या तोंडावरून हात फिरवला. शेवंता मात्र उसळली. "मग मी ऊस कशानं सोलू? उद्या मी राणी होणार. काकवीनगरच्या राणीला दातानं ऊस सोलता येऊ नये? लोक काय म्हणतील?"



मग दुपार झाली. रडून रडून शेवंताचे डोळे जड झाले. बाहेर ऊस सळसळत होता. सळसळ, सळसळ. आणि तिला वाटलं, आपण लहान होतोय. उशीएवढ्या झालो. लिंबाएवढ्या झालो. मग तिळाएवढ्या झालो, आणि आपल्याच श्वासावर तरंगत आपल्याच तोंडात गेलो.

आत किती छान होतं म्हणून सांगू! पायाखाली मऊ मऊ लाल गालिचा. तो मध्येच जरा हलायचा, कारण ती जीभच होती ना. दोन्ही बाजूंना पांढरी शुभ्र घरं, एकाला एक लागून. त्यांच्या फटींतून दुधासारखा उजेड झिरपत होता. सगळीकडे शांत, कोमट, ओलसर. फक्त एका घरातून गलका येत होता. शेवंता तिथं गेली आणि आत डोकावली.

आत पंगत बसलेली! मोहरीएवढी इवली इवली काळी माणसं, पोटं नगाऱ्यासारखी, समोर पत्रावळी, पत्रावळींवर काकवी. तिला पाहताच सगळ्यांत जाडजूड होता तो ओरडला, "अरे, घरधनीण आली! सरका, सरका, पाट मांडा!" हा त्यांचा पुढारी, किडोजीराव.

"तुम्ही कोण? आणि माझ्या दाढेत काय करताय?"

"जेवतोय की. तुम्हीच तर वाढता रोज."

"मग झालं ना जेवून? उठा आता!"

तशी सगळी पंगत तिच्याकडे बघायला लागली. किडोजीराव दुखावल्या आवाजात म्हणाला, "बाई, आम्ही काय रीतभात नसलेली माणसं वाटलो तुम्हाला? पंगतीतलं मोठं माणूस आचवायला उठल्याशिवाय बाकीच्यांनी उठू नये, एवढं आम्हालाही कळतं. आणि इथं तुमच्याहून मोठं कोण आहे? पण तुम्ही उठताय कुठं! रात्री गूळ वाढता, आणि चूळही न भरता घोरायला लागता. आम्ही आपले बसलोय पाटावर. पायांना मुंग्या आल्या हो."

"माझी तर कंबर धरली," मागून एक म्हातारी कण्हली.

"मघाशी लवंग आली," किडोजीराव म्हणाला, "पण जेवण उरकल्याशिवाय लवंग कशी खायची? ठेवली बाजूला. मग शेक आला, तेव्हा जरा डुलकी काढली. मग पेढा आला. म्हटलं, चला, पुन्हा वाढप सुरू!"

"आणि हे ठोकताय काय?"

"मांडव वाढवतोय. रोज वाढलं की रोज सोयरे येणार. खांब रोवायला खड्डे नकोत? अजून थोडं खणलं की तळघर लागेल. दाढेचा जीव तिथंच असतो म्हणे."

शेवंतानं घाईघाईनं विचारलं, "मी आचवले, तर उठाल?"

"लगेच! पण नुसतं आचवून भागायचं नाही. उष्टी पण काढा. खरकटं पडलं असलं, की आमच्यातली काही अधाशी मंडळी चाटत बसतात. त्यांचं माझ्याच्यानं काही होत नाही."

इतक्यात बाहेर कुणीतरी खाकरलं. शेवंता दचकून जागी झाली. दिवे लागले होते. वैद्य चिमटा पुसत उभे होते. राजा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"थांबा!" शेवंता ओरडली. "मला आधी आचवायचंय."

"अगं, सकाळपासून तू जेवली कुठं आहेस?" राजा म्हणाला.

"रात्रीचं राहिलंय!"

वैद्य म्हणाले, पोर तापात बडबडतेय. पण राजाच तांब्या घेऊन धावला. मग शेवंतानं चूळ भरली. पहिली चूळ काकवीसारखी तपकिरी आली. दुसरी आली, तिच्यात तिळाएवढ्या पत्रावळी तरंगत होत्या. तिसरी आली, आणि नीट कान दिला असता तर ऐकू आलं असतं, "चला, उठा रे उठा, सुटलो एकदाचे!" मग तिनं कडुलिंबाची काडी चावून तिचा कुंचा केला आणि एकेक घर झाडून काढलं. पुढचं अंगण, मागचं अंगण, वरची गच्ची. किडोजीरावाच्या मांडवात तर दोनदा कुंचा फिरवला.

ठक... ठक... आणि मग नाहीच.

वैद्यांनी दिवा धरून बघितलं. खड्डा पडला होता, पण तळघर शाबूत होतं. त्यांनी मुकाट्यानं चिमटा पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी सोनाराला बोलावून तो खड्डा चांदीनं बुजवला. मग गाल उतरला. मग तिसऱ्या दिवशी शेवंतानं परसात बसून अख्खा ऊस दातानं सोलला, आणि राजा शेजारी बसून तिनं काढून दिलेला रस पीत राहिला.

तेव्हापासून काकवीनगरात गूळ मिळायचा तो जेवणाच्या पानात. निजताना मिळायची चूळ, काडी आणि एक गोष्ट. मुलं शहाणी झाली, दाढा म्हाताऱ्या झाल्या, सगळी सुखानं राहिली. आणि शेवंता त्या दिवसापासून आचवायला एकदाही विसरली नाही.

हे शेवटचं वाक्य मात्र माझ्या पदरचं, बरं का. बाकी सगळं खरं, पण एवढं मी रचलं. विसरली ती. पुष्कळदा विसरली. झोप असतेच तशी गोड, गुळाहून गोड. मग राजा तांब्या घेऊन तिच्या उशाशी यायचा, तिला अलगद उठवून बसवायचा आणि बोळक्या तोंडानं कानात म्हणायचा, "ऊठ गं बाय, पाहुणे ताटकळलेत." ती डोळे न उघडताच चूळ भरायची, काडी फिरवायची, आणि त्याच्या खांद्यावर परत झोपून जायची.