पुलाला कुठलं गाव

एकदा एक अत्तराचा व्यापारी सकाळच्या धुक्यातून नदी ओलांडत होता. होडीच्या पुढच्या टोकाला तो, मागच्या टोकाला त्याची पत्नी आणि मधोमध त्यांची लहान मुलगी. पाणी कुठे संपते आणि धुके कुठे सुरू होते, हे नावाड्यालाही नीट सांगता आले नसते.

"आईला सांग, गारठा आहे, शाल घे म्हणावं."

मुलगी लंगडत मागे गेली. "आई, गारठा आहे, शाल घे."

"त्यांना सांग, मला कळतं."

मुलगी पुढे आली. होडी डुचमळली. नावाडी म्हणाला, "बयो, एका जागी बस की. बुडवशील सगळ्यांना."

मुलीने शांतपणे विचारले, "हे कोणाला सांगू?"

पैलतीरावर एक वृद्ध साधुपुरुष आपल्या शिष्यासह राहत. व्यापाऱ्याने त्यांना नमस्कार केला. मुलगी बोचके छातीशी धरून उभी राहिली.

"महाराज, हिला तुमच्यापाशी ठेवून घ्या. पढवलेलं सगळं बोलते, पण स्वतःचं काही बोलत नाही. भूक नाही, तहान नाही. चार दिवस लंगडते आहे; काय झालं विचारलं, तर आईचा निरोप सांगते. घरात कसली उणीव नाही. कधी आवाज चढत नाही. आम्ही दोघं एकमेकांशी बोलतच नाही, मग भांडण होणार कुठून?" हे शेवटचे वाक्य त्याने जरा अभिमानानेच उच्चारले.

वृद्ध हसले. मग शिष्याकडे वळून म्हणाले, "शेटजींना सांग, बसा."

शेटजी हाताच्या अंतरावर होते. शिष्य गोंधळला, पण म्हणाला, "शेटजी, बसा."

"महाराज, मी इथंच आहे."

"त्यांना सांग, मला दिसतंय."

असेच चालले. प्रवासाची चौकशी शिष्यामार्फत, अत्तराची शिष्यामार्फत. व्यापारी चिडला, की डोळे वटारायचा शिष्यावर. उत्तराला उशीर झाला, की वृद्धांच्या भुवया चढायच्या त्याही शिष्यावरच. आता बाजारात दलाल असतो, दोन्हीकडची बोलणी खातो, पण त्याला दलाली तरी मिळते. या बिचाऱ्याला काय?

ऊन डोक्यावर आले. वृद्धांनी शिष्याला हळूच विचारले, "बाळ, भूक लागली असेल ना रे?"

शिष्य सवयीने वळला. "शेटजी, महाराज विचारतात, भूक लागली का?"

कोणीच हसले नाही. मुलीने मात्र प्रथमच मान वर करून शिष्याकडे पाहिले. परमुलखात आपल्या गावचे माणूस भेटावे, तसे.

आता वृद्ध सरळ व्यापाऱ्याशी बोलले. "शेटजी, हा एका सकाळीत स्वतःची भूक विसरला. तुमची लेक बोलायला शिकली तेव्हापासून हेच करते आहे. लेकरू घरातले शब्द उचलतं, तसा अबोलाही उचलतं. दोन तीरांना एकमेकांकडे पाहायचं नव्हतं, म्हणून तुम्ही मध्ये पूल घातलात. पुलावरून सगळे जातात. तुला कुठे जायचंय, हे पुलाला कोणी विचारत नाही. पुढे पुढे तोही विसरतो. ठेवा हिला इथे, बोलती होईल. पण परत नेल्यावर काय करणार आहात, ते आधी ठरवा."

व्यापाऱ्याच्या पत्नीने पदर डोळ्यांना लावला, मग उठून मुलीच्या हातातले बोचके स्वतःकडे घेतले.

परतताना पाण्यावर उतरते ऊन पसरले होते. वल्ह्याचा आवाजही दुरून आल्यासारखा वाटत होता. मध्यावर व्यापाऱ्याने घसा खाकरला. मुलगी लगेच उठली. त्याने हातानेच तिला बस म्हटले आणि तिच्या डोक्यावरून पलीकडे पाहिले.

"वारा सुटलाय. शाल घे."

होडी कितीतरी वेळ नुसतीच तरंगत राहिली.

"घेते," पत्नी म्हणाली. "तुम्हीही उपरणं नीट घ्या."

मुलगी दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिली. न्यायला काही उरलेच नव्हते. तिने हात पाण्यात सोडला आणि थोड्या वेळाने, कोणाकडेच न पाहता, म्हणाली,

"माझ्या पायात काटा आहे."

दोन्ही टोकांची माणसे एकदमच उठून मध्ये आली. होडी जोराने डुचमळली. नावाड्याने वल्हे सावरले. या वेळी तो काही बोलला नाही.