काजरखोलचं वेलाचं घड्याळ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, काजरखोलची माणसं वर्षं मोजत नाहीत, भरती-ओहोटी मोजतात. तेव्हा खाडीकाठी आनाजी मेस्त्री नावाचा सुतार राहत असे. त्याच्या हाताखाली लाकूड लोणी व्हायचं, असं म्हणतात. जिभेला मात्र कधी रंधा लागला नव्हता.

बायको लवकर गेली आणि मागे एकच मुलगी राहिली, शेवंती. रोज सकाळी पेज वाढली की ती त्याला हाक मारायची आणि तो ओ द्यायचा. तिचं लग्न बोटीवर काम करणाऱ्या जयरामाशी झालं आणि तो तिला मोंबासाला न्यायला निघाला. लेक खाडीपलीकडे नांदेल, आठवड्याला दिसेल, असं आनाजी धरून चालला होता. ती समुद्रापार जाणार म्हटल्यावर त्याचा तोल सुटला. चारचौघांत धक्क्यावर तो तिला म्हणाला, "जातंस तर जा. माझ्या उंबऱ्यार परत पाय ठेव नको."

शेवंती पडावात बसली आणि गेली.

दुसऱ्या दिवसापासून म्हाताऱ्याला अन्न गोड लागेना. त्याला अक्षर येत नव्हतं, आणि दुसऱ्याकडून पत्र लिहून घ्यायला तोंड उरलं नव्हतं. आपण एवढं बोललो, तरी तिला आपली आठवण येते का, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

त्या सुमारास एका गलबताच्या तांडेलाने त्याला घड्याळाचं नुसतं यंत्र आणून दिलं. वरचं लाकूड खाऱ्या पाण्यात कुजून गेलं होतं. आनाजीने शिवणीची पातळ फळी घेतली आणि तिच्यावर वेल काढला. गावातली जितकी माणसं परमुलखात होती, तितकी पानं. मग दोऱ्याएवढ्या पात्याची करवत घेऊन तो बसला. प्रत्येक पानाशी आधी भोक पाडायचं, पातं सोडवून त्यातून ओवायचं, पुन्हा ताणून बांधायचं आणि मग कापायचं. पातं ओवताना तो त्या माणसाचं नाव घ्यायचा, असं म्हणतात. बायका कामं टाकून ऐकायला उभ्या राहत.

अशा जाळीकामात पानाच्या कडेकडेने कापत जायचं, पण देठापाशी थांबायचं. देठ राहिला तरच पान वेलावर राहतं. शेवंतीचं पान त्याने शेवटी ठेवलं होतं. तिचं नाव घेतलं आणि त्याचे डोळे असे भरून आले, की देठ त्याला दिसलाच नाही. पान मांडीवर पडलं.

सरसाने चिकटवता आलं असतं. पण तुटलेली जाळी चिकटवून देणं मेस्त्रींच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. माझ्याच हाताने तुटलं, तर तुटलेलंच दिसू दे, असं म्हणून त्याने घड्याळ तसंच रवळनाथाच्या देवळात टांगलं.

आणि मग नवल घडलं. तास नसताना मध्येच एक टोल पडायचा आणि वेलावरचं एखादं पान थरथरायचं. ज्याचं पान हललं, त्याला दूर देशी गावाची आठवण आली, असं गावाने ओळखलं. ज्याच्या त्याच्या आईला आपलं पान ठाऊक होतं. तुम्ही हसा हवं तर. त्या आया हसत नव्हत्या.

आनाजी रोज येऊन बसायचा आणि त्या पानाएवढ्या भोकाकडे बघायचा. तिथे हलायला काहीच नव्हतं. शिवाय रोज पेजेच्या वेळी एक टोल असा पडायचा, की वेलावर काहीच हलत नसे. यंत्रात खोट आहे म्हणून त्याने तीन वर्षं तेल घातलं, चाकं पुसली. टोल काही थांबेना.

एक दिवस काशी गाबतीण मासे विकून, पाय धुऊन देवळात टेकली होती. तिचा मुलगा बोटीवर होता आणि ती त्याच्या पानाकडे बघत होती. तेवढ्यात तो टोल पडला. आनाजी तेलाची वाटी घेऊन उठला. काशी त्याला म्हणाली, "मेस्त्र्यांनू, घड्याळ वाजला आणि एकय पान हलला नाय. मगे आठवण कोणाची? जेचा पान थंय नाय, तेचीच ना?"

म्हाताऱ्याने तेलाची वाटी खाली ठेवली. तीन वर्षं लेक रोज त्याला पेजेला हाक मारत होती, आणि तो त्या हाकेला तेल घालत होता. पोटभर रडून झाल्यावर तो बाहेर आला आणि समुद्राकडे तोंड करून त्याने ओ दिली. तरीवाल्याने ती पलीकडच्या काठावर ऐकली. मोंबासाला जात्यावर बसलेली एक बाई उठून दारात आली, असं म्हणतात. बघायला कोण गेलं होतं? पण मला ते खरं वाटतं.

मरेपर्यंत त्याने एकही ओ चुकवली नाही. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी टोल पडला तेव्हा कुणाला काही सुचेना. मग काशीच पुढे झाली आणि तिने ओ दिली.

तेव्हापासून गाव देतं. सकाळी तो टोल ऐकू आला, की पाणी भरणारी बाई, शाळेतले मास्तर, उभ्या एसटीचा कंडक्टर, जो कोणी असेल तो समुद्राकडे बघून ओ म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. शेवंती आज असती तर शंभरी कधीच ओलांडली असती. पण ती गेली असं काजरखोलात अजून कुणी म्हणत नाही. म्हटलं, तर रोज ओ कुणाला द्यायची?