काटुली आणि बिळाचा वास

एक होती काटुली. साळिंदराचं पिल्लू. एवढंसं! चालली की काटे वाजायचे. खुळखुळ खुळखुळ.

रानात तिचं बीळ होतं. इकडे आई, तिकडे बाबा, मध्ये काटुली. काय ऊब होती म्हणून सांगू! पण एकदा पूर आला. बीळ बुडालं. काटुली चुकली. प्राणीबागेतल्या गोदामावशीने तिला उचलून आणलं. मावशी भारी टापटिपीची. तिने काटुलीला साबणाने खसाखसा धुतलं. आणि गेला की हो बिळाचा वास!

सकाळ झाली. तुम्ही उठता ना, तेव्हा साळिंदरं झोपतात! काटुली गेली शेजारच्या साळिंदरआजीकडे. खुळखुळ खुळखुळ.

"आजी आजी, कुशीत घे. झोप काही येईना!"

आजीने हुंगलं. सूं सूं! पाय आपटले. थप थप!

"शी, साबणाचा वास! कुणाची गं तू? मातीत लोळून ये, मग कुशीत घेईन."

काटुली गेली मातीकडे. खुळखुळ खुळखुळ.

"माती माती, लोळू दे. आजी कुशीत घेईना, झोप काही येईना!"

"मी वाळले गं बाई. पाणी आण, मग लोळू देईन."

काटुली गेली नळाकडे. खुळखुळ खुळखुळ.

"नळोबा नळोबा, पाणी दे. माती लोळू देईना, आजी कुशीत घेईना, झोप काही येईना!"

"छट्! मावशीला आण, मग पाणी देईन."

काटुली गेली गोदामावशीकडे. खुळखुळ खुळखुळ.

"मावशी मावशी, नळ सोड. नळ पाणी देईना, माती लोळू देईना, आजी कुशीत घेईना, झोप काही येईना!"

"आधी चहा! आणि आल्याशिवाय कसला गं चहा? आलं आण, मग नळ सोडेन."

आलं होतं वाफ्यात. काटुली गेली तिकडे. खुळखुळ खुळखुळ.

"आलंदादा आलंदादा, वर ये. मावशी नळ सोडेना, नळ पाणी देईना, माती लोळू देईना, आजी कुशीत घेईना, झोप काही येईना!"

"मी तर खोल खोल! उकरून काढ, मग येईन."

काटुली रडवेली झाली. तिला बाबा आठवले. बाबा रानात कंद उकरायचे. म्हणायचे, "पुढे उकर, मागे टाक, बाळा!" फार फार आठवण आली हो. मग तिने डोळे पुसले. पुढे उकरलं, मागे टाकलं. खरखर खरखर!

आलं आलं वर. चहात पडलं, डुबुक! मावशी चहा प्याली, फुर्रर्र! मावशीने नळ सोडला. नळाने पाणी दिलं. मातीने लोळू दिलं. काटुली लोळली, लदबद लदबद!

"अगं बाई!" मावशीने कपाळाला हात लावला. "आत्ताच तर धुतलं होतं!"

काटुली गेली आजीकडे. आजीने हुंगलं. सूं सूं. पुन्हा हुंगलं. सूंऽऽऽ.

"अगं, आमच्या बिळाला अस्साच वास यायचा! किती वर्षं झाली गं..." आजीने ताठ काटे खाली घेतले. "ये माझ्या सोन्या, ये कुशीत. रान कसं आहे आता? सांग ना मला."

पण काटुली कुठली सांगते! ती केव्हाच झोपली होती.

"बरं, उठल्यावर सांग हं," आजी हळूच म्हणाली, आणि तिला आणखी जवळ घेतलं.