आवडीबाय गोड बोलली तेव्हा

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नक्की किती ते सांगणारं आता कुणी उरलेलं नाही, खाडीकाठच्या पोयनाळ गावात आवडी नावाची बाई राहायची. असं म्हणतात, की तिच्या अंगणात नऊ तऱ्हेच्या जास्वंदी होत्या आणि तोंडात नव्वद तऱ्हेच्या शिव्या. शिव्यांबद्दल गावात सगळे हौसेने सांगतात. जास्वंदींबद्दल कुणी सांगत नाही. म्हणून मी जास्वंदींपासून सुरू करते.

आवडीचा नवरा सोनू गलबतावर खलाशी होता. वर्षातले आठ महिने समुद्रावर, चार महिने घरी. बंदराबंदरांतून तो तिच्यासाठी जास्वंदीच्या फांद्या आणायचा, केळीच्या ओल्या सोपटात गुंडाळून. "लोकांच्या बायका बांगड्या मागतात, आमची काटक्या मागते," असं तो गलबतावर सांगायचा आणि सगळे हसायचे. पण आणायचा, एवढं त्याच्या बाजूने बोलायला हवं. लाल एकेरी घरचीच होती. मग आली गुलाबी, गोंड्यासारखी भरगच्च. पोटात लाल ठिपका असलेली पांढरी. शेंदरी. पिवळी. कातरलेल्या पाकळ्यांची, झुंबरासारखी खाली लोंबणारी. अशा करत करत नऊ झाल्या.

आता जास्वंदीचं फूल एका दिवसाचं. सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटून त्याची वळकटी होते. आणि आवडीचा दिवस कसा? पाणी, चूल, गुरं, भात कांडणं, मुलं, त्यातलं धाकटं सदा अंगावर पिणारं. तिला अंगणात टेकायला मिळायचं ते दिवेलागणीला. तेव्हा नऊच्या नऊ जास्वंदी मिटलेल्या. झाड तिने लावलेलं, पाणी तिने घातलेलं, आणि त्याचं उघडं फूल तिने बघायचं ते डोक्यावर हंडा असताना, मान न वळवता. मला इथेच राग येतो. पण गोष्ट अजून सुरूसुद्धा झाली नाही.

जास्वंद खुडली तरी पाण्यावाचून झाडावरच्याइतकीच टिकते. म्हणून आवडी सकाळी प्रत्येक झाडाचं एक फूल सुपात मांडून चुलीपाशी ठेवायची आणि भाकरी थापता थापता बघायची, कोण किती टिकतं. ज्याने मान टाकली त्याच्या नावाने भिंतीवर कोळशाची रेघ. पांढरी जेवणाआधीच मलूल व्हायची. गुलाबी मात्र गुरं परतेपर्यंत रेटायची. पिवळी दिवा लागेपर्यंत कशीबशी तग धरायची, पण तिचं झाड नाजूक, सदा कीड लागलेलं. लाल फूल लवकर मिटायचं, झाड मात्र दणकट. तीन वर्षांच्या रेघा बघून आवडीने ठरवलं, की पिवळीचा पराग लालला द्यायचा. दणकट झाड हवं आणि त्यावर असं फूल हवं, जे तिचं काम संपेपर्यंत तिच्यासाठी थांबेल. तिला एवढंच हवं होतं. देवळाला कळस नको होता, अंगावर सोनं नको होतं. काम आटोपलेल्या बाईला उघडं फूल बघायचं होतं.

हे तिला कुणी शिकवलं, ठाऊक नाही. माझ्या कुंडीतली एकुलती एक जास्वंद पिठ्या ढेकणाने खाल्ली, तेव्हा मी यावर फार बोलू नये. पण असं म्हणतात, की ती कोंबडीच्या पिसाने पिवळीचा पराग लालच्या मधल्या तुऱ्यावर लावायची आणि ते फूल ओळखू यावं म्हणून देठाला निळा दोरा बांधायची. दोऱ्याचा अर्थ एवढाच, की याला हात लावू नका, याला बियांचं बोंड धरू द्या.

आणि गावाने काय समजावं? नवस!

शेजारची वेणूकाकी पहिल्यांदा कुंपणाशी आली. "काय गो आवडे, कसला दोरा हा?"

"हात लावू नका काकी, एवढंच," आवडी म्हणाली. कडेवर मूल, हातात परात. आणखी काय सांगणार?

वेणूकाकीने ते गावभर केलं. आवडीने कडक नवस बोललाय, कुणाला सांगत नाही. दुसऱ्या दिवशी वेणूकाकीने आपलाही एक दोरा बांधला आणि जाताना प्रसाद म्हणून फूल नेलं. कुठलं? अर्थातच निळ्या दोऱ्याचं. ते जास्त पावन! मग अख्खं गाव येऊ लागलं. फांद्या दोऱ्यांनी वाकल्या. पहाटे पहाटे कळ्या खुडल्या जाऊ लागल्या, कारण देवासाठी घेतलेलं फूल म्हणजे काही चोरी नव्हे, असं या लोकांना कुणी सांगून ठेवलंय देव जाणे. (देवाला विचारलं असतं, तर त्याने वेगळंच सांगितलं असतं असं मला वाटतं.) पहिल्या वर्षी एकही बोंड धरलं नाही. दुसऱ्या वर्षी एक धरलं, ते पोराच्या गळ्यात ताईत म्हणून बांधायला कुणी नेलं.

तेव्हा आवडीच्या तोंडाला धार आली. वेणूकाकीला फूल खुडताना तिने पकडलं आणि ओरडली, "तुझ्या चुलीवरचं सगळं उतू जाऊ दे!" त्याच संध्याकाळी वेणूकाकीच्या गाईने दुप्पट दूध दिलं आणि ते चुलीवर उतू गेलं. देवळातला राघू गुरव टोपलीभर कळ्या घेऊन निघाला होता, त्याला ती म्हणाली, "राघूभावजी, तुमच्या घरात पाय ठेवायला जागा उरू नये!" त्या साली राघूच्या घरात भात एवढा आला, की माणसं ओटीवर झोपली. असं म्हणतात.

झालं. आवडीची शिवी फळते, हे गावाला कळलं. लोक आता फुलासाठी नाही, शिवीसाठी येऊ लागले. मुद्दाम तिच्या डोळ्यांदेखत कळी खुडायची आणि उभं राहायचं.

"घाल बाय, घाल. पोरीचं लग्न ठरत नाहीये."

"अरे मेल्यांनो, चालते व्हा!"

"एवढीशीच? वेणूकाकीला तर केवढी लांब घातलीस!"

तुम्ही कल्पना करा. माणसाने संतापावं आणि समोरच्याने हात जोडावेत. ती जितकी चिडायची, तितकी तिची झाडं ओरबाडली जायची.

तरी तिसऱ्या वर्षी एक बोंड तिने वाचवलं, वर फाटका पदर गुंडाळून. त्यातल्या सात बियांपैकी एक रुजली. ते रोप तिने न्हाणीमागे फुटक्या मडक्यात लपवलं, जिथे देवभक्तांना जायला लाज वाटते. दोन वर्षं त्याला मुलांच्या अंघोळीचं पाणी मिळालं. मग त्याला एक कळी आली. एकच. जत्रेच्या आदल्या दिवशी ती फुगली.

जत्रेच्या सकाळी आवडी उठली, तेव्हा कळीचं टोक सुटू लागलं होतं. ती तिथेच चिखलात बसली. एवढ्यात घरात मूल रडलं. ती आत गेली. त्याला पाजलं. किती वेळ लागतो पाजायला? ती परत आली, तेव्हा फांदीवर देठाचं ओलं टोक होतं.

ती मुलाला तशीच घेऊन देवळात गेली. राघू गुरवाने तिची बाजू ऐकून घेतली, खोटं कशाला बोला. मग त्याने देवापुढच्या ढिगाकडे हात केला. शे-दोनशे जास्वंदी होत्या, आणि शेंदूर लागून सगळ्या एकसारख्या लाल झालेल्या.

"तुझी कुठली ती ओळख," तो म्हणाला, "आणि ने."

आवडी ढिगाकडे बघत राहिली. पाच वर्षं जिची वाट बघितली, ती त्यात कुठेतरी होती. आणि तिला ओळखता येईना, कारण तिने ती उमललेली कधी बघितलीच नव्हती.

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. सगळे शिवीची वाट बघू लागले. जत्रेच्या दिवसाची शिवी, केवढी फळेल! दोघीतिघी तर मुलांना पुढे ढकलू लागल्या.

आवडीने पदर सारखा केला. मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं. आणि गोड आवाजात म्हणाली, "सगळ्यांचं बरं होवो. सुखी राहा."

असं म्हणतात, की पुढे ढकललेली मुलं आयांनी झटकन पदराखाली ओढून घेतली. जिची शिवी फळायची, तिचा आशीर्वाद काय करेल, हे तिथल्या लहान पोरालाही कळलं.

दुसऱ्या दिवसापासून पोयनाळात एकही जास्वंद उमलली नाही. कळ्या यायच्या, फुगायच्या आणि मिटलेल्याच गळून पडायच्या. देव बोडका राहिला. वेणूकाकी धावत आली. "आवडे, चुकलं माझं. एक शिवी घाल गो!"

"अहो, असं काय करता काकी? बसा ना. गूळपाणी देऊ?"

वेणूकाकी घामाघूम होऊन पळाली. एकवीस दिवस आवडी सगळ्यांशी गोड बोलत होती आणि गाव भीतीने वाळत चाललं होतं. सोनू तेव्हा घरीच होता. त्याला तर ती "अहो, जेवताय ना?" असं विचारायची, आणि तो अर्ध्या ताटावरून उठायचा.

शेवटी राघू गुरव गाव घेऊन अंगणात आला. "काय हवंय ते सांग, बाय. देवळी बांधू तुझ्या नावाची?"

"मला बसायचंय," आवडी म्हणाली.

"कुठे?"

"माझ्या झाडापाशी. त्याला दुसरी कळी आलीय. सकाळपासून बसायचं. मला कुणी हाक मारायची नाही. आणि त्या दिवशी गावात कुणी फूल तोडायचं नाही."

"एवढंच?" राघू म्हणाला.

त्या 'एवढंच'साठी मी असते तर त्याला खाडीत ढकललं असतं. आवडी नुसती हसली. राघू दोन पावलं मागे सरला.

मग तो दिवस आला. वेणूकाकीने चारही मुलं आपल्या घरी नेली. राघू गुरवाने विहिरीवरून पाणी आणलं, निम्मं वाटेत सांडून. सोनू चुलीशी बसला. आवडी न्हाणीमागे मडक्यासमोर बसली. गाव कुंपणाबाहेर टाचा उंचावून उभं. ऊन वर आलं. कळी मिटलेलीच. डोक्यावर आलं. तरी मिटलेलीच. आणि तेवढ्यात घरातून सोनूचा आवाज आला.

"अगो, मीठ कुठेय?"

असं म्हणतात, की तेव्हा आवडीबाय जे बोलली ते खाडीपलीकडच्या गावात ऐकू गेलं. "तुझ्या डोंबलावर ठेवलंय मीठ! बारा वर्षं त्याच फळीवर त्याच बरणीत आहे! बारा वर्षं खातोयस! डोळे समुद्रात टाकून आलास काय रे मेल्या?" पुढचं मुलांसमोर सांगण्यासारखं नाही. आणि ती बोलत होती तोवर कळी सुटली. वेणूकाकीच्या परसात, देवळामागे, वाटेकडेच्या कुंपणांवर, एकवीस दिवस अडकलेल्या सगळ्या जास्वंदी एकदम उमलल्या.

आवडी वळली, तेव्हा तिचं फूल उघडं होतं. कडेला पिवळं, पोटाकडे लाल, मधे पिकल्या आंब्याच्या सालीसारखं. तिने त्याला हात लावला नाही. ती बघत बसली. दिवेलागण झाली आणि ते उघडंच. दुसऱ्या दिवशीची न्याहारी झाली, तरी उघडं. गाव सांगतं की सात दिवस राहिलं. मला एवढं काही पटत नाही. दीड दिवस राहिलं असेल. पण दीड दिवस बसलेली बाई तुम्ही कधी बघितलीय?

पोयनाळात अजून तो दिवस पाळतात. जत्रेनंतरचा बाविसावा. त्या दिवशी गावात कुणी फूल तोडत नाही, देवसुद्धा बिनफुलांचा राहतो आणि त्याचं काही अडत नाही. पुरुष पाणी भरतात, भात शिजवतात, मुलं सांभाळतात. ज्यांच्या कडेवर तान्हं आहे त्या बायका आधी, मग बाकीच्या, आवडीबायच्या अंगणात जाऊन बसतात. त्या फुटक्या मडक्यातल्या झाडाची कलमं आता तिथे अंगणभर आहेत. नियम असा, की फूल मिटेपर्यंत बायकांनी उठायचं नाही.

दिवेलागणीला पुरुष कडेवर रडकी मुलं घेऊन कुंपणाशी येतात.

"काय गो, मिटलं का?"

आतून एकदम सगळ्यांचं उत्तर येतं, "नाही अजून."